माती परत मिळविताना : दरेवाडीचा डोंगर आणि प्रवरेचे पाट

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीविषयी विचारले, तर दोन निरनिराळी गाऱ्हाणी ऐकावयास मिळतात. संगमनेरचा पठारी भाग, पारनेर, पाथर्डी, जामखेड अशा कोरडवाहू भागांत लोक म्हणतात, "माती राहिलीच नाही, नांगर टाकला की मुरूम लागतो." प्रवरा आणि गोदावरी यांच्या पाटपाण्याखालील श्रीरामपूर, राहाता, राहुरी, कोपरगाव या भागांत तक्रार वेगळी असते : "माती हातभर आहे, पाणीही आहे, पण रान चोपण झाले, पीक तग धरत नाही."

पहिल्या ठिकाणी पाण्याने माती वाहून नेली, दुसऱ्या ठिकाणी पाण्यानेच ती आतून बिघडविली. म्हणून दोन्हींचे औषध एक नाही. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही तेच खत टाकावे, या सवयीने अनेकांचे पैसे मातीत गेले आहेत. माती नेमकी कशाने आजारी पडते, ती कोणत्या क्रमाने बरी होते आणि ती बरी होईपर्यंतचा भार कोणी सोसावयाचा, हे तीन प्रश्न आपण या लेखात समजून घेऊ. आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबे थोडक्या जमिनीवर किंवा दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीवर जगतात, त्यामुळे तिसरा प्रश्न आपल्याला सर्वांत जवळचा आहे.

माती जाते म्हणजे काय जाते?

सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्याच्या घाटभागात धो-धो पाऊस पडतो. परंतु जिल्ह्याचा उरलेला बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. येथे पाऊस थोडा, पण पडतो तेव्हा एखाद्या तासात जोराने कोसळतो. उघड्याबोडक्या उतारावर त्याचा थेंब आदळला की मातीचे कण सुटतात, पाण्याबरोबर धावू लागतात, आणि पाहता पाहता ओघळी पडतात.

थोडा हिशेब केला म्हणजे हानीचा अंदाज येतो. एक हेक्टर रानाच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 20 लाख किलो माती असते. त्यातला केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तरी हेक्टरी सुमारे 13 टन माती गेली. एक मिलिमीटर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही! शिवाय सर्वांत आधी जाते ती हलकी, बारीक व सुपीक माती. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा व शेणखताचा अंश याच थरात असतो. जमिनीतील जीवजंतू त्यावर जगतात, मातीचे कण त्याने एकमेकांना धरून राहतात आणि पाणीही त्यामुळेच टिकते. हा थर गेल्यावर उरलेल्या मुरमावर पडलेला पाऊस थांबत नाही. तो पुन्हा धावतो आणि आणखी माती नेतो. अशा रीतीने एक नुकसान दुसऱ्याला जन्म देते.

पाण्याचा हिशेबही असाच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. वर्षाकाठी 450 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात एका हेक्टरवर 45 लाख लिटर पाणी पडते. ते जमिनीत मुरले तर विहिरीला झरे फुटतात, वाहून गेले तर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

दरेवाडीने काय केले?

हा हिशेब आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष कृतीत आणणाऱ्यांमध्ये येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांचे नाव आदराने घेतले जाते. मूळचे स्वित्झर्लंडचे असलेले फादर 1948 साली भारतात आले. 1960 च्या दशकात त्यांनी नगर येथे सोशल सेंटर ही संस्था उभी केली. 1972 च्या दुष्काळाने या जिल्ह्याला जो हादरा दिला, तो त्यांनी जवळून पाहिला. दर दुष्काळात धान्य वाटण्यापेक्षा दुष्काळाचे कारणच दूर करावे, या विचाराने त्यांचे कार्य पुढे पाणलोट विकासाकडे वळले. जर्मन सरकारचे अर्थसाहाय्य आणि नाबार्डचा सहभाग यांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला. त्याला साहाय्य करण्यासाठी फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी 1993 साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजेच 'वॉटर' ही संस्था स्थापन केली. 2021 साली फादर बाखर यांचे निधन झाले.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या कार्यक्रमातील एक गाव. वर्षाला जेमतेम 450 मिलिमीटर पाऊस, उघडे डोंगर, वर्षातून तीन-चार महिनेच शेतीचे काम आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी, अशी त्याची स्थिती होती. 1996 पासून पुढील पाच वर्षे तेथे काम झाले. त्यानंतर गाव टँकरमुक्त झाले आणि शेतीचे काम वर्षातील नऊ-दहा महिने मिळू लागले. जगातील अनेक देशांच्या विकासाचा आढावा घेणाऱ्या 2005 सालच्या 'वर्ल्ड रिसोर्सेस' अहवालात या लहानशा गावाचे उदाहरण सविस्तर देण्यात आले.

दरेवाडीतील कामाचे सूत्र 'माथा ते पायथा' असे होते, आणि या सूत्रातील क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याला स्वाभाविकपणे वाटते, की आधी ओढ्यावर बंधारा बांधावा, कारण पाणी तेथे दिसते. परंतु डोंगर उघडा असताना खाली बांधलेला बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरून जातो. म्हणून आरंभ माथ्यावरून करावयाचा. तेथे समपातळीवर सलग चर खोदावयाचे, गवत वाढू द्यावयाचे, झाडे लावावयाची. सुमारे 60 सेंटिमीटर रुंद व 30 सेंटिमीटर खोल असा शंभर मीटर चर एकदा भरला, की 18 हजार लिटर पाणी धरतो व मुरवितो. त्याखालील ओघळींत अनघड दगडांचे लहान बांध घालावयाचे, म्हणजे पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ अडतो. त्यानंतर शेतांची बांधबंदिस्ती करावयाची, आणि सर्वांत शेवटी नाल्यावर मातीचे बांध घालावयाचे.

यात एक अडचण होती. माथ्यावरचे काम ज्याच्या जमिनीत होते, त्याला लाभ उशिरा मिळतो. पायथ्याच्या विहीरवाल्याला तो लवकर मिळतो. तेव्हा एकट्या शेतकऱ्याला हे काम साधत नाही. यास्तव कार्यक्रमात सहभागी होण्यापूर्वी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवावी, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करावी, ग्रामसभेने गाव पाणलोट समिती निवडावी, अशा अटी होत्या. अंगमेहनतीच्या कामातील काही वाटा प्रत्येक घराने श्रमदानातून उचलावयाचा होता. भूमिहीन आणि एकल पालक कुटुंबांना त्यातून वगळण्याची तरतूदही होती. महिलांची संयुक्त समिती हा या रचनेचाच भाग होता.

चराईबंदीची किंमत

या अटींतील चराईबंदी ऐकावयास सोपी, पण पाळावयास फार कठीण आहे. गवताला व रोपांना वाढण्यास वेळ मिळाला नाही, तर चर दोन वर्षांत बुजतात. म्हणून बंदी अटळ असते. परंतु गावाच्या डोंगरावर कोण चारतो? ज्याच्याकडे शेत नाही, तोच. बांधावर गवत असणारा बागायतदार आपली गाय गोठ्यात बांधू शकतो. चार शेळ्यांवर संसार चालविणारी विधवा किंवा मेंढ्यांचा कळप घेऊन हिंडणारे कुटुंब काय करील? दरेवाडीतही मेंढपाळांचा विरोध झाला. त्यामुळे सारा डोंगर एकदम न अडविता टप्प्याटप्प्याने बंद करणे, कापून नेण्यासाठी गवत उपलब्ध करून देणे, कामावर मजुरी देणे, असा मार्ग काढावा लागला.

हा तपशील आम्ही मुद्दाम सांगत आहोत. पाणलोटाच्या यशाच्या कथा वाचताना हिरवे डोंगर आपल्याला दिसतात. ते हिरवे होईपर्यंत ज्यांनी शेळ्या विकल्या, ते दिसत नाहीत. पडीक माती सुधारते तेव्हा जमिनीची किंमत वाढते आणि ती जमीनधारकाला मिळते. भूमिहीनाला मिळते ती वाढलेली मजुरी आणि घरी राहण्याची संधी. दरवर्षी ऊसतोडीसाठी मुलाबाळांसह गाव सोडावे लागणाऱ्यांसाठी ती संधी लहान नाही. तरीसुद्धा, सोसण्याची पाळी आली तेव्हा भूमिहीन पहिल्या रांगेत आणि लाभाच्या वेळी शेवटच्या रांगेत, अशी रचना न्याय्य म्हणता येणार नाही. गवताच्या वाटपात त्याचा हक्क आधी ठरवावा, समितीत त्याचा प्रतिनिधी असावा, आणि मगच बंदी जाहीर करावी, असे आम्हांस वाटते.

अडविलेले पाणी कोणाचे, हाही त्यातूनच निघणारा प्रश्न आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्याचे उत्तर शोधले. शेतीसाठी विंधन विहिरीच्या पाण्यावर बंदी, उसासारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना मनाई, आणि दरवर्षी पावसाचा व भूजलाचा ताळेबंद मांडून मगच पिकांची निवड, असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. 2020 साली श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या गावांत असा नियम नव्हता, तेथे मुरविलेले पाणी सर्वांत खोल विंधन विहीर घेणाऱ्याच्या वाट्याला जाण्याचा धोका असतो.

थांबलेल्या मातीला जेवू घालणे

माती वाहणे थांबले, म्हणजे ती सुपीक झाली असे नव्हे. आता तिला खाऊ घालावे लागते. आपल्या राज्यातील प्रयोगशाळा सेंद्रिय कर्ब 0.40 टक्क्यांपर्यंत असल्यास तो कमी समजतात, आणि कोरडवाहू हलक्या रानांत तो बहुधा कमीच आढळतो. तो 0.1 टक्क्याने वाढविणे म्हणजे हेक्टरच्या वरच्या थरात दोन हजार किलो कर्ब नव्याने टिकवून धरणे होय. शेणखतातील बराचसा कर्ब जीवजंतूंच्या श्वसनात उडून जातो, थोडाच टिकतो. म्हणून एका वर्षी भरपूर खत टाकून हे काम होत नाही. दरवर्षी थोडे-थोडे, पण न चुकता द्यावे लागते.

लहान शेतकऱ्याला शेणखत पुरेसे मिळत नाही, हे आम्ही जाणतो. जनावरे कमी झाली आणि विकतचे खत परवडत नाही. तरी काही उपाय बेताच्या खर्चाचे आहेत. बांधावर गिरिपुष्प लावावे. त्याचा कोवळा पाला लवकर कुजतो व नत्र देतो. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घ्यावी. तुरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि तिचा पाला गळून रानातच राहतो. हुलगा, मटकी, मूग यांचा फेरपालट करावा. नांगरणी, वखरणी व पेरणी नेहमी उताराला आडवी करावी. धसकटे व काडीकचरा पेटवू नये. उसाचे पाचट जाळल्याने रान स्वच्छ दिसते खरे, पण वर्षभराचे खत एका संध्याकाळी धूर होऊन जाते. पाचट सरीत दाबून कुजविले, तर पाण्याची पाळीही लांबविता येते.

रासायनिक खताला सरसकट शत्रू मानण्याचे कारण नाही. माती परीक्षणानुसार त्याची मात्रा द्यावी. परंतु कर्ब नसलेल्या हलक्या जमिनीत दिलेले खत पुरेसे टिकत नाही. त्यातील बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो आणि कर्ज मात्र राहते.

पाटाखालची चोपण जमीन

आता दुसऱ्या गाऱ्हाण्याकडे वळू. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे मळे लागतात. प्रवरेवरील भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाटांनी या पट्ट्याचे रूप पालटले. साखर कारखानदारी वाढली, हातांना काम मिळाले. परंतु खोल काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे मोकाट पाणी देत राहिल्याने भूजल वर चढत जाते. ते जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आले, की उन्हाळ्यात दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खारे पाणी वर चढते. पाण्याची वाफ होते आणि क्षार वरच मागे राहतात.

या बिघाडाचे दोन मुख्य प्रकार ओळखावयास हवेत. रानावर पांढरी साळ दिसते, ती क्षारयुक्त जमीन. तेथे ओलावा असूनही मुळांना तो ओढता येत नाही. दुसरा प्रकार चोपण जमिनीचा. ती भिजली की चिकट होते, वाळली की दगडासारखी टणक होते, आणि पावसाचे पाणी तिच्यावर गढूळ होऊन साचून राहते. येथे सोडियमने मातीचे कण एकमेकांपासून फोडलेले असतात, त्यामुळे हवा व पाणी खाली जाण्याच्या वाटा बुजतात. प्रयोगशाळेत सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर आढळल्यास ती जमीन चोपण समजतात.

क्षारयुक्त जमिनीला मुख्यतः निचरा हवा. चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून भूजल खाली न्यावे, आणि चांगल्या पाण्याने वरचे क्षार धुऊन काढावेत. अशा जमिनीत जिप्सम टाकणे व्यर्थ आहे. चोपण जमिनीला मात्र जिप्सम उपयोगी पडते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. परंतु तो जाण्यास वाटच नसेल, तर जिप्समही वाया जाते. चुनखडीयुक्त जमिनीत गंधकही चालते, कारण जीवाणूंच्या क्रियेने त्याचे आम्ल होऊन चुनखडीतील कॅल्शियम मोकळे होते. त्यानंतर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. चोपण रानात धैंचा अधिक तग धरतो. जिप्समची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरते. अंदाजाने ती ठरवू नये.

निचऱ्याच्या बाबतीतही डोंगरावरचाच धडा लागू होतो. माझ्या शेतातून काढलेले खारे पाणी शेजाऱ्याच्या बांधावर सोडून भागत नाही. ते नाल्यापर्यंत नेण्यास सर्वांची संमती लागते. आज हे सांगणे विशेष आवश्यक आहे. निळवंडे धरणाच्या कालव्यांत 2023 साली पाणी सोडण्यात आले, आणि अनेक पिढ्या वाट पाहिलेल्या कोरडवाहू गावांपर्यंत पाणी पोहोचू लागले. त्या आनंदात आपण सहभागी आहोत. परंतु नव्या पाण्याबरोबर ठिबक आणि निचरा यांचाही विचार पहिल्या वर्षापासून झाला, तर प्रवरेच्या जुन्या पट्ट्याने भोगलेले पुढील पिढीला भोगावे लागणार नाही.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, माती परीक्षण. रब्बीचे पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी नमुना घ्यावा. एकरातील आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा सुमारे 20 सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी. ती एकत्र मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. बांधाजवळची, झाडाखालची व उकिरड्याजवळची माती घेऊ नये. चांगली व बिघडलेली जागा यांचे नमुने वेगळे ठेवावेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्रे व शासकीय प्रयोगशाळा यांच्याकडे तपासणी होऊ शकते. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजनाही आहे. पत्रिका पेटीत ठेवण्यासाठी नसते. ती कोणाकडून तरी समजावून घ्यावी. धर्मग्रामातील शिकलेल्या मुलामुलींनी रविवारच्या मिस्सेनंतर दोन तास देऊन हे काम केले, तर अनेक घरांचा खताचा खर्च वाचेल.

दुसरी गोष्ट, ग्रामसभेला जाणे. पाणलोटाची, चराईची, निचऱ्याच्या चरांची चर्चा तेथे होते. तेथे आपले लोक, विशेषतः आपल्या भगिनी, गैरहजर राहिल्या, तर निर्णय त्यांच्याविना होतात आणि भार त्यांच्यावर पडतो.

तिसरी गोष्ट, केलेल्या कामाची निगा. चर गाळाने भरतात, दगड निखळतात, बांध फुटतात. पाणलोटाचे काम एकदा करून सोडून देण्याचे नाही. पावसाळ्यापूर्वी गावाने एक दिवस माथ्यावर गेले पाहिजे.

फादर बाखर परदेशातून आलेले धर्मगुरू होते. परंतु दरेवाडीचे चर दरेवाडीच्याच लोकांनी खोदले. त्यांत जमीन असलेले होते तसेच नसलेलेही होते. यंदा मृग लागण्यापूर्वी आपल्या गावच्या डोंगरावर एकदा चढून पाहावे, कोणते चर बुजले आहेत ते मोजावे, आणि ते मोकळे करताना त्या डोंगरावर ज्यांच्या शेळ्या चरतात त्यांनाही सोबत घेऊन त्यांचे म्हणणे ऐकावे. कामाचा आरंभ तेथूनच होऊ शकेल.